शेवटच्या रांगेतले डॉक्टर बैसाणे

डॉक्टर प्रशील बैसाणे यांना झोप लागायची ती जळगावला.

साक्रीत त्यांचं स्वतःचं घर आहे. खाली दवाखाना, वर दोन खोल्या, मागच्या खोलीत कूलर. पण त्या घरात अंधार पडला की हायवेवरच्या ट्रकचे उजेड छतावरून सरकू लागतात आणि डॉक्टर त्यांच्याकडे बघत पडून राहतात. एकेक उजेड खिडकीतून शिरतो, पंख्याच्या पात्यावर वाकतो, कपाटाच्या आरशात जरासा थांबतो आणि सुरतेच्या दिशेने निघून जातो. झोप त्या घराचा पत्ता विसरली आहे असं ते बायकोला म्हणायचे. दोन-अडीच महिन्यांतून एकदा, रविवारी, जळगावच्या एका हॉटेलातल्या थंड हॉलमध्ये ती त्यांना भेटायची. समोरच्या पडद्यावर कुणाचा तरी उघडा जबडा असायचा, कुणीतरी इंग्रजीत बोलत असायचं, आणि शेवटच्या रांगेत, खांबाशेजारच्या खुर्चीत, डॉक्टर बैसाणे हळूहळू पाण्यात उतरावं तसे उतरत जायचे.

दातांच्या डॉक्टरांना कॉलेज सोडल्यावरही शिकत राहावं लागतं. तसा नियम आहे. व्याख्यानं ऐकायची, त्याचे पॉइंट मिळवायचे. ठराविक पॉइंट झाले नाहीत तर नोंदणीचं नूतनीकरण अडतं. म्हणून त्या भागातली डॉक्टरांची संघटना कधी धुळ्याला, कधी जळगावला व्याख्यान ठेवते. सकाळी दारात एक चौकोनी कोड लावलेला असतो, तो मोबाइलवर स्कॅन करायचा. संध्याकाळी आभारप्रदर्शन झालं की पडद्यावर दुसरा कोड येतो, तोही करायचा. दोन्ही झाले की पॉइंट जमा. मधल्या वेळात तुम्ही कुठे होता हे कुणी विचारत नाही.

त्यामुळे मधल्या वेळात हॉल ओस पडतो. सकाळी दारापाशी लग्नघरासारखी गर्दी असते. चहा आणि पोहे झाले की माणसं पाण्यासारखी झिरपून जातात. कुणी सोनं बघायला सराफात जातं, कुणी भाच्याला भेटायला, कुणी नुसतंच गाडीत एसी लावून बसतं. धुळ्याचे डॉक्टर युवराज दर वेळी नशिराबादला सासरवाडीत जेवायला जात. प्रश्न फक्त संध्याकाळच्या कोडचा उरतो. त्यासाठी आत एक माणूस लागतो. तो पडद्याचा फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो, आणि सगळे जिथे असतील तिथून स्कॅन करतात.

तो माणूस डॉक्टर बैसाणे. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. ते आत असतात एवढं सगळ्यांना माहीत होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत आत असणारा माणूस म्हटल्यावर तो ऐकत असणारच, असं सगळ्यांनी धरून टाकलं. हळूहळू फोन येऊ लागले. बैसाणे, ते नवीन सिमेंट कसं आहे, पुण्याचे सर काय म्हणाले त्याबद्दल? डॉक्टर जपून बोलत. चांगलं आहे म्हणतात, पण बघून वापरा. हे उत्तर कुठल्याही सिमेंटला चालतं. कमी बोलण्यामुळे त्यांचा अभ्यास आणखीच खोल वाटू लागला. धुळे-साक्रीच्या डॉक्टरांमध्ये एखादी गोष्ट अडली की प्रशीलला विचारा, असं होऊन बसलं.

पत्नीला, शिल्पाताईंना, खरं काय ते माहीत होतं. जळगावहून परतलेल्या नवऱ्याच्या गालावर खुर्चीच्या कापडाची शिवण उमटलेली असायची. त्या दवाखान्यात काउंटर सांभाळतात, नंबर लावतात, आणि कमी शब्दांत बोलतात. रविवारी पहाटे डबा हातात देताना त्या एवढंच म्हणायच्या, "उशी देऊ का सोबत?"

डॉक्टर हसायचे. आपल्याला तिथेच झोप का लागते याचा त्यांनी पुष्कळ विचार केला होता. लहानपणी पौर्णिमेला आई, द्रौपदाबाई, त्यांना विहारात घेऊन जायची. वडील पितांबर एसटीच्या डेपोत कामाला. ते पाळीवरून यायचे आणि दाराशी, चपलांच्या जवळ बसायचे. पालीतल्या गाथा सुरू व्हायच्या. शब्द कळायचे नाहीत. शब्द कळत नाहीत म्हणूनच ते अंगावर शालीसारखे पडायचे. आईची मांडी, उदबत्तीचा वास, डोक्यावरून संथ वाहणारा तो आवाज. कुणीतरी मोठं, शहाणं माणूस बोलतंय, जगाचं सगळं ठीक चाललंय, आता आपण झोपलो तरी चालेल. जळगावच्या अंधाऱ्या हॉलमध्ये माइकवरून येणारं इंग्रजी त्यांना त्याच मांडीवर नेऊन ठेवायचं. शेवटच्या रांगेत पन्नाशीला आलेला एक माणूस मान टाकून बसायचा आणि आत एक पोरगा निवांत झोपलेला असायचा.

पण हे सगळं कारण नव्हे. दुसरं कारण त्यांच्या हातात होतं.

साक्रीला आठवड्याचा बाजार भरतो. डोंगराकडच्या गावांतून माणसं येतात; कांदा, नागली, कोंबड्या विकतात, मीठमिरची घेतात, आणि दात दुखत असेल तर त्याच फेरीत दवाखाना गाठतात. पुन्हा कधी येणार ते पावसावर, बसवर, मजुरीवर. दात वाचवायला तीन-चार खेपा लागतात. एवढ्या खेपा कोण घालणार? खुर्चीत बसायच्या आधीच माणूस म्हणतो, काढी टाका डॉक्टर. सुरुवातीच्या वर्षांत प्रशील समजावून सांगायचे. अर्धं काम केलेला दात घेऊन माणसं जायची ती चार महिन्यांनी गाल सुजवून यायची. मग त्यांनी समजावणं सोडलं. बाजाराच्या दिवशी सकाळपासून ते दात काढत. सफाईने काढत, दुखू न देता काढत. त्यांच्या हाताला हलका हात म्हणून नाव होतं. त्या हातांना दात बाहेर यायची वाट पाठ झाली होती. आत जायची वाट त्यांना ठाऊक नव्हती.

आणि व्याख्यानांत पडद्यावर दिसायचे ते वाचवलेले दात. आत नाजूक सुई फिरते आहे, मूळ भरलं जातं आहे, वर टोपी बसते आहे. डॉक्टर ते पहिली दहा-पंधरा मिनिटं बघत. मग त्यांना वाटे, हे दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या तोंडांबद्दल चाललं आहे. आणि झोप यायची.

त्या वर्षी नवरात्राच्या जरा आधी जळगावला व्याख्यान होतं: मुलांच्या दातांना लागलेला मार. पुण्याच्या कुणी बाई आल्या होत्या. हॉलमध्ये शेवटी डझनभर माणसं उरली. पहिल्या रांगेत, नेहमीप्रमाणे, मेहरुन मॅडम. धुळ्याला जुन्या भागात त्यांचा दवाखाना होता, चाळीस वर्षांचा. दिवाळीनंतर त्या तो बंद करणार होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं; म्हणजे पॉइंटचा त्यांना काही उपयोग नव्हता. तरी त्या एसटीने यायच्या, पहिल्या रांगेत बसायच्या आणि व्याख्यान संपत आलं की हात वर करून प्रश्न विचारायच्या. त्यामुळे सगळ्यांचा कोड लांबायचा. युवराज त्यांना पाठीमागे पहिला बाक म्हणायचे. एकदा जेवणाच्या रांगेत कुणीतरी विचारलंच होतं, मॅडम, आता कशाला दगदग करता? त्या वरण-बट्टीवर तूप घेत म्हणाल्या होत्या, "घरी मला नवीन काही कोण सांगतं, बेटा?"

त्या रविवारी डॉक्टर बैसाणे फार खोल झोपले. स्वप्नात पांझरा नदी होती, पण पाणी पांढरं होतं. दाट, कोमट नसलेलं, गार पांढरं पाणी. त्यात एक दात होडीसारखा तरंगत चालला होता, मूळ वर करून. काठावर एक बाई उभी होती आणि तिच्या हातात दोर होता. ती डॉक्टरांना काहीतरी सांगत होती, ते बांधण्याबद्दल होतं, आणि त्यांना ते ऐकू येत नव्हतं, कारण मधे आईचा आवाज होता, ती गाथा म्हणत होती. होडी वळणावर गेली. टाळ्या वाजल्या. डॉक्टर जागे झाले, त्यांनी पडद्याचा फोटो काढला, ग्रुपवर टाकला. नशिराबादहून युवराजांनी अंगठा पाठवला.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी सकाळी वनाचा फोन आला.

वना साक्रीजवळच्याच एका वाडीवरचा. मागल्या वर्षी डॉक्टरांनी त्याची दाढ काढली होती. त्याच्या आवाजामागे बायका बोलत होत्या, एक मूल हुंदके देत होतं. त्याची मुलगी सपना शाळेला निघताना ओट्यावरून तोंडावर पडली होती. वरचा पुढला दात मुळासकट बाहेर आला होता.

डॉक्टरांनी सवयीने विचारलं रक्ताचं. कापडाचा बोळा धरा, चावायला सांगा, घेऊन या. मग त्यांनी स्वतःलाच नवल वाटेल असा प्रश्न विचारला. इतक्या वर्षांत त्यांनी तो कुणाला विचारला नव्हता.

"वना, दात कोठे शे?"

वना म्हणाला, "घरवर फेकी दिधा तिनी."

"कसाले?"

"पडेल दात घरवरच फेकतस ना, बठ्ठा जण."

खरंच होतं. सगळेच फेकतात. डॉक्टरांनीही फेकले होते, डेपोमागच्या खोलीच्या पत्र्यावर. दात घे, नवा दे, म्हणून. दर वेळी नवा आला होता. सपनालाही दर वेळी नवा आला होता. नऊ वर्षांची पोर पडली, उठली, तोंडातून रक्त येत असताना तिने मातीतला दात उचलला आणि आजवर जे केलं होतं तेच केलं. आईला हाक मारायच्याही आधी.

डॉक्टर म्हणाले, "वर चढ. दात सोध. वरतीन धर, मुळीले हात लावू नको, पुसू नको. गार दूधमा टाक अन् लगेच लई ये. चहानं तपेल नको, गार."

फोन ठेवल्यावर ते हातातल्या मोबाइलकडे बघत उभे राहिले. हे दूध कुठून आलं? कॉलेजात कधीतरी वाचलं असेल. परीक्षेत त्यावर चार ओळींचं उत्तर असायचं. की त्या पुण्याच्या बाई बोलल्या होत्या? की ती नदी? गार, कोमट नसलेलं. हे शब्द त्यांच्याजवळ कुणाचे होते ते त्यांना सांगता येईना. एका मुलीचा बाप त्या शब्दांवर कौलांवर चढला होता.

बाहेर बाकावर बाजाराची माणसं बसली होती. शिल्पाताईंनी नंबर थांबवले. डॉक्टरांनी अवजारं काढली आणि पुन्हा थबकले. दात सापडला, तर तो परत जागेवर बसवायचा, हे नक्की. बसवल्यावर शेजारच्या दातांना बांधायचा, हेही. पण कसा? कॉलेजातलं उत्तर होतं: जाड तारेने घट्ट, महिना-दीड महिना, जराही हलता कामा नये. ती जाड तार कपाटात होती, कित्येक वर्षांची. तरीही काठावरची ती बाई दोर घेऊन काहीतरी वेगळं सांगत होती. तिचा चेहरा आठवत होता. तोंड हलताना आठवत होतं. शब्द नव्हते.

त्यांनी युवराजांना फोन लावला. परवाच्या व्याख्यानात पडलेला दात बांधण्याबद्दल काय सांगितलं, घट्ट की सैल?

युवराज हसले. "काय भो, मला विचारतो? आत तर तू होता. आम्ही शेवभाजी हाणत होतो."

"अरे, समोर पेशंट येतोय."

"मग तुझंच बघून आम्ही पण करू. ग्रुपवर टाक."

आणखी एकाला लावला, शिरपूरच्या. तो म्हणाला, बरं झालं फोन केलास, मला पण विचारायचंच होतं, त्या बाईंनी काय काय सांगितलं? डॉक्टरांनी फोन बंद केला. आत असलेला माणूस म्हणून ज्याच्याकडे सगळे बघत होते त्याला आता आत कुणीच सापडत नव्हतं. रिकाम्या खुर्च्यांचा तो सगळा हॉल त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला, पडद्यावर उजेड, आणि एकेका खुर्चीवर एकेक मोबाइल, माणसाशिवाय.

मग पहिली रांग आठवली.

मेहरुन मॅडमनी फोन लगेच उचलला. डॉक्टरांनी सगळं सांगितलं, मुलीचं, कौलांचं, दुधाचं. दूध बरोबर ना? मॅडम म्हणाल्या, अगदी बरोबर. त्यांनी विचारलं, दात किती वेळ कोरडा राहिला? डॉक्टर म्हणाले, अजून सापडलाच नाही. मग बांधण्याचा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज उतरला. ते म्हणाले, मॅडम, तेवढं माझं ऐकायचं राहिलं.

"तू झोपला होतास," मॅडम म्हणाल्या. "चहाला उठले तेव्हा पाहिलं मी. घोरत नव्हतास, म्हणून उठवलं नाही."

डॉक्टरांनी टेबलावरचा कागद पुढे ओढला.

"आता ऐक. घट्ट बांधू नको. आपण शिकलो ते जुनं झालं. घट्ट बांधलं तर हाड त्याला धरून बसतं आणि खाऊन टाकतं. थोडा हलू दे. हलला तरच जगेल. दोन आठवडे, बस. आणि ती जाड तार असेल ना तुझ्याकडे, ती फेक."

"मग कशाने बांधू?"

"गळाची दोरी. मासे धरायची, नायलॉनची, बारीक. बाईंनी फोटो दाखवला होता. दोन्ही बाजूला सिमेंटचा ठिपका दे आणि मधे दोरी."

शिल्पाताई काउंटरवरून ऐकत होत्या. त्यांनी पदर खोचला आणि बाजारात गेल्या. नदीच्या अंगाला जाळी, गळ, भोवरे विकणारे बसतात. बाईमाणसाने गळाची दोरी मागितल्यावर तिथे थोडी मजा झाली असावी, कारण परत आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. दुकानदाराने विचारलं होतं, वहिनी, केवढा मासा? त्या म्हणाल्या होत्या, तांदळाएवढा, आणि सगळ्यात बारीक दोरी मागून घेतली होती.

वना आला तेव्हा मोटारसायकल त्याचा भाऊ चालवत होता. मधे सपना, तोंडाला ओढणी लावलेली. मागे वना, दोन्ही हातांत स्टीलचा पेला, वर झाकण. वनाच्या गुडघ्यांना कौलांचा लाल रंग लागला होता. दात गिलक्याच्या वेलात अडकला होता. वेल सगळ्या छपरावर पसरला होता, पानं अजून दवाने ओली होती, आणि दात कौलापर्यंत पोचलाच नव्हता. एका पानाच्या बगलेत, सावलीत, ओला पडून होता. वना सांगत होता की पिवळ्या फुलांमध्ये पांढरं काही दिसेना, शेवटी तो आडवा झाला आणि पानं एकेक करून उचलत गेला. त्याची आई खालून ओरडत होती, अरे वेल तुटेल. थोडा तुटला.

डॉक्टरांनी झाकण काढलं. पांढऱ्या दुधात पांढरा दात दिसत नव्हता. मुळाचं टोक तेवढं दिसत होतं, फिकट गुलाबी. त्यांना एकदम स्वप्नातल्या त्या पाण्याचा गारवा हाताला लागल्यासारखा वाटला.

खुर्चीत सपना रडत नव्हती. ती मोठे डोळे करून पेल्याकडे बघत होती. तिला कळत नव्हतं की फेकलेला दात लोक इतका जपून का आणतात. ओढणीच्या आडून ती म्हणाली, "नवा येई ना?"

डॉक्टर वाकले. "हाऊच नवा शे, बेटा. याना मांगे दुसरा नई."

तिने थोडा विचार केला आणि तोंड उघडलं.

पुढचं काम फार वेळाचं नव्हतं. पण डॉक्टरांना ते फार लांब वाटलं. बधिर केलं, जखम धुतली, दातावरून सलाइनची धार सोडली. मग दात बोटांत धरला, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. या हाताने हजारो दात उचलले होते. एकही परत ठेवला नव्हता. मनगट आपोआप बाहेरच्या बाजूला वळू पाहत होतं, वर्षानुवर्षं वळलं तसं. त्यांनी डोळे क्षणभर मिटले. मिटलेल्या डोळ्यांत ना हॉल होता, ना नदी. फक्त अंधार, आणि त्या अंधारात बोटाखाली एक रिकामी जागा. त्यांनी हलकेच दाबलं. दात थोडा आत गेला, अडला, जणू विचारत होता. त्यांनी पुन्हा दाबलं. आत कुठेतरी कडा कडेला मिळाली आणि दात आपल्या घरी बसला. आवाज झाला नाही. पण बोटाला कळलं. शिल्पाताई दिवा धरून उभ्या होत्या. त्यांना नवऱ्याचा चेहरा बघूनच कळलं.

दोरी लावताना शेवटी त्यांनी आरशाच्या दांडीने दात किंचित हलवून पाहिला. हलला. घट्ट करावं असं हातात आलं. त्यांनी हात मागे घेतला. हलू दे, असं ते पुटपुटले. वनाने विचारलं, काय म्हणालात? डॉक्टर म्हणाले, काही नाही, खिचडी दे तिला, कडक काही चावू देऊ नको. गोळ्या लिहून दिल्या, धनुर्वाताच्या इंजेक्शनला सरकारी दवाखान्यात पाठवलं, आणि दोन आठवड्यांनी या म्हणाले. हे म्हणताना त्यांना बाजाराची माणसं आठवली, एकदाच येणारी. वनाने मान हलवली. ही मान त्यांनी पुष्कळदा पाहिली होती.

ते दोन आठवडे डॉक्टरांनी छतावरचे उजेड बघत काढले. दोरी सुटली असेल. पोरीने ऊस चावला असेल. रोज सकाळी ते काउंटरवर विचारत, वनाचा फोन? शिल्पाताई मान हलवत. अखेर त्यांनीच वाडीवर फोन लावला. वनाने सांगितलं, ती रोज त्या दाताला जीभ लावते आणि हसते. येतो.

आणि आला. बाजाराचा दिवस नसताना आला, मजुरी बुडवून. डॉक्टरांनी दोरी काढली. दात उभा राहिला.

दरम्यान धुळ्याला पुढचं व्याख्यान झालं. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. डॉक्टर बैसाणे दुसऱ्या रांगेत बसले, मेहरुन मॅडमच्या मागे, आणि अर्ध्यापर्यंत जागे राहिले. व्याख्यान कंटाळवाणं होतं, खूपसं एका कंपनीच्या यंत्राबद्दल. मग त्यांना डुलकी लागली. मॅडमनी मागे वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे बघू लागल्या. संध्याकाळी डॉक्टरांनी कोडचा फोटोही ग्रुपवर टाकला; माणसं बाहेर ताटकळत होती, नाही कसं म्हणायचं. पण त्याखाली त्यांनी एक ओळ लिहिली, की मुलाचा दात मुळासकट पडला तर तो आधी शोधायला सांगा, घरावरून, गटारीतून, कुठूनही, आणि दुधात आणायला सांगा. घट्ट बांधू नका. खाली बरेच अंगठे आले. युवराजांनी विचारलं, हे आज सांगितलं का? डॉक्टरांनी मोबाइल खिशात टाकला.

मॅडमना त्यांनी फोन करून सपनाचं कळवलं. त्या म्हणाल्या, खुश होऊ नको इतक्यात. हाडाने धरला का नाही ते लगेच कळत नाही. दांडीने टकटक करून ऐकायचं. शेजारच्या दातासारखा आवाज आला तर ठीक. उंच, धातूवर मारल्यासारखा आला तर समज गेला. दर काही महिन्यांनी ऐकत राहायचं, पाच वर्षं तरी. "मी तोवर दवाखान्यात नसेन," त्या म्हणाल्या, "पण मला आवाज कळव."

थंडी सुरू झाली तेव्हा सपना आली. ती आता स्वतः खुर्चीवर चढली. बाहेर बाकावर माणसं बोलत होती, रस्त्यावर एक टेम्पो उभा होता आणि त्याचं इंजिन धडधडत होतं. डॉक्टरांनी शिल्पाताईंना खूण केली. त्या बाहेर गेल्या आणि टेम्पोवाल्याला काय सांगितलं कोण जाणे, इंजिन बंद झालं. बाकावरची माणसंही गप्प झाली, आत काही गंभीर आहे असं समजून.

डॉक्टरांनी आरसा उलटा धरला आणि दांडीने आधी शेजारच्या दातावर टकटक केलं. मग त्या दातावर. मान कलती करून, डोळे मिटून त्यांनी ऐकलं. पुन्हा शेजारचा. पुन्हा तो. दारातून वनाही कान देऊन ऐकत होता, त्यातलं काही कळत नसताना.

"काय म्हणस?" सपनाने विचारलं, तोंड उघडंच ठेवून.

डॉक्टरांनी पुन्हा एकदा टकटक केलं, अगदी हळू, आणि ऐकत राहिले.